पंजा मोजला, रक्त ओतून दिलं

जळगाव ते नंदुरबार या पट्ट्यात फार्माकॉलॉजीत एम. फार्म. केलेलं कुणीही भेटलं, तर त्या माणसाने रॅटचा पंजा सुजवलेला असतोच. आमच्यात ते ठरलेलंच आहे. पांढरा, लाल डोळ्यांचा विस्टार जातीचा रॅट घ्यायचा. मागच्या पायाच्या तळव्यात एक टक्का कॅराजिननचं 0.1 मिलि इंजेक्शन द्यायचं. मग दर तासाला तो पाय घोट्यावरच्या शाईच्या खुणेपर्यंत प्लेथिस्मोमीटरच्या नळीत बुडवायचा आणि द्रव किती वर सरकला ते वहीत लिहायचं. कॅराजिनन हा लाल समुद्री शेवाळातून काढलेला चिकट पदार्थ, आइस्क्रीम दाट करायलाही वापरतात. ही पद्धत 1962 साली प्रसिद्ध झाली आणि साठ वर्षं उलटली तरी तिचा दबदबा कमी झालेला नाही. तीन ते पाच तासांत पंजा टम्म फुगतो. ज्या गटाला आधी इंडोमेथॅसिन हे सूज उतरवणारं औषध दिलेलं असतं त्याचा कमी फुगतो. तिसऱ्या गटाला सातपुड्यातून आणलेल्या निर्गुडीचा, करंजाचा नाहीतर पळसाचा अर्क. तो मधे कुठेतरी बसतो. ‘अर्काने सूज लक्षणीयरीत्या कमी केली’ हे वाक्य लिहिलं की प्रबंध बाइंडिंगला जायला मोकळा.

असे प्रबंध मी वर्षानुवर्षं तपासते आहे. निर्गुडीशी माझं भांडण नाही, सूज ती खरंच कमी करते. तक्रार एवढीच, की आपण पंजाकडे बघत बसतो आणि प्राण्याच्या बाकी शरीराचं काय चाललंय ते विचारतच नाही. पायात सुई टोचल्याची बातमी यकृतापर्यंत कधीच पोचलेली असते आणि यकृताने कामाची पाळी बदललेली असते.

जखमेपाशी जमलेल्या पांढऱ्या पेशी इंटरल्युकिन-6 नावाचं प्रथिन सोडतात. ते रक्तातून यकृतात जातं आणि यकृताच्या पेशी अल्ब्युमिन बनवणं कमी करून दुसऱ्याच गोष्टी बनवायला लागतात. त्यात एक मोठा वाटा फायब्रिनोजेनचा. रक्त गोठताना थ्रॉम्बिन हे विकर ज्याचे फायब्रिन नावाचे धागे करतं, तेच हे प्रथिन. यकृताला हे काम सांगणारा निरोप्या आणि इंटरल्युकिन-6 हे दोन नसून एकच, हे 1987 मध्ये कळलं. त्याच्याही खूप आधीपासून शास्त्रज्ञ सशांच्या आणि रॅटच्या कातडीखाली टर्पेंटाइन टोचत होते. रंगाऱ्याकडे असतं तेच टर्पेंटाइन. त्याने पू होतो, पण जंतू नसतात, म्हणजे जे काही दिसेल ते नुसत्या सुजेचं. आणि दिसायचं ते असं: एक-दोन दिवसांत रक्तातलं फायब्रिनोजेन दुप्पट, कधी तिप्पट. जखम कातडीखाली झाकलेली, एक थेंब रक्त बाहेर आलेलं नाही, तरी गोठवायच्या मालाचा साठा वाढतो आहे.

माणसात निरोगीपणी ते 200 ते 400 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असतं. सीआरपी हे यकृताचंच दुसरं प्रथिन सुजेत शेकडो पटींनी उडी मारतं म्हणून सगळ्यांच्या तोंडी त्याचं नाव. फायब्रिनोजेन दोन-तीन पटच वाढतं. पण मुळातच ते भरपूर असल्याने वजनात बघाल तर ही वाढ सीआरपीच्या कितीतरी पुढे असते. ईएसआर वाढतो तो याच्यामुळेच. जास्तीच्या फायब्रिनोजेनने लाल पेशी एकमेकींना चिकटून चळती होतात, जड होतात आणि नळीत लवकर खाली बसतात. गावोगावच्या लॅबमध्ये उभ्या नळीत तासभर रक्त ठेवून जो आकडा काढतात, तो बव्हंशी या गोठण्याच्या प्रथिनाचाच असतो. हे सांगितलं की दुसऱ्या वर्षाची मुलं दरवेळी चकित होतात, आणि मला दरवेळी बरं वाटतं.

आता रक्त काढण्याबद्दल थोडं, कारण पुस्तकात ते एका ओळीत उरकतात आणि प्रत्यक्षात निम्मं काम तिथेच असतं. अडीचशे ग्रॅमच्या रॅटमध्ये सगळं मिळून सोळा मिलिच्या आसपास रक्त. त्याला जिवंत ठेवायचं असेल तर एका वेळी त्याच्या दहा टक्क्यांच्या वर घेऊ नये. नळीत आधी 3.2 टक्के सोडियम सायट्रेट घालून ठेवायचं, एक भाग सायट्रेट आणि नऊ भाग रक्त. यात थोडा जरी फरक पडला तरी गोठण्याचा वेळ बदलतो. आणि सुई एका झटक्यात शिरेत गेली पाहिजे. ती आजूबाजूच्या मांसात घुसळली की तिथला टिश्यू फॅक्टर, म्हणजे गोठण सुरू करणारं प्रथिन, रक्तात मिसळतो आणि सिरिंजमध्येच गोठायला सुरुवात होते. बघणाऱ्याला काही कळत नाही. नळी उलटीसुलटी करून उजेडाकडे धरावी, काडीचं टोक आत फिरवून बाहेर काढावं. टोकाला सरकीला चिकटून राहिलेल्या कापसासारखा एक बारीक, ओला तंतू लोंबत असेल, तर तो नमुना बाद. त्या तंतूत फायब्रिनोजेन खर्च झालेलं असतं. असा नमुना मशीनला दिला तर मशीन बिनतक्रार आकडा देतं, आणि तो आकडा कमी येतो. मग विद्यार्थी लिहितो, ‘अर्काने फायब्रिनोजेन घटवलं’. मशीनवर विश्वास ठेवणाऱ्या पिढीला मी तो तंतू आवर्जून दाखवते.

मशीन नसेल तरी अडत नाही. क्लाउस यांची 1957 ची पद्धत घरच्या घड्याळावरही होते. प्लाझ्मा दहापट पातळ करायचा, 37 अंशांच्या पाण्यात ठेवायचा, वरून भरपूर थ्रॉम्बिन टाकायचं आणि तारेचा आकडा आतून वरखाली करत राहायचं. ज्या क्षणी आकड्याला जाळं अडकतं त्या क्षणी स्टॉपवॉच बंद. फायब्रिनोजेन जितकं जास्त तितकं जाळं लवकर.

खानदेशात याच्यात एक भर पडते ती उन्हाची. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसच्या घरात असतो आणि आमच्या अ‍ॅनिमल हाउसचं तापमान 22 अंशांच्या आसपास ठेवावं लागतं. वीज गेली की इन्व्हर्टर आधी तिकडे, मग स्टाफरूमला. ‘मॅडम, पुढच्या जन्मी विस्टार व्हायचं’ हा विनोद प्रत्येक बॅचला नव्याने सुचतो. पण कारण नियमापुरतं नाही. रॅटला घाम येत नाही, शेपटीतून उष्णता सोडणं आणि लाळेने अंग चाटून ओलं करणं एवढाच त्याचा इलाज. आणि उष्णतेने स्वतःच सूज आणि गोठण दोन्ही चाळवतात. बबून माकडांवर केलेल्या उष्माघाताच्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलं आहे: ताप चढत गेला तसं इंटरल्युकिन-6 वाढलं आणि रक्तात गोठण्याची खटपट सुरू झाल्याच्या खुणाही वाढल्या. शेतातून उचलून आणलेल्या उष्माघाताच्या रुग्णाच्या हिरड्यांतून रक्त येतं आणि त्याच वेळी आत बारीक गुठळ्या होत असतात, ते याच वाटेने. तेव्हा एसी बंद पडलेल्या दुपारचे आकडे मी फाडून टाकायला लावते. मुलं कुरकुरतात.

सुजेचा आणि गोठण्याचा हा धागा सगळ्या प्राण्यांत असतो, पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, हे मला पुस्तकाआधी मामाच्या गोठ्यात समजलं. गिरणाकाठी मामाची शेती. गाय चारा सोडून पाठ वाकवून उभी होती, उतार चालायला तयार नव्हती. मामा म्हणाला, “काहीच खात नही गाय, पोरी. तुन्हा उंदीरस्ना डाक्टर काय कामना?” मी उंदरांची डॉक्टर आहे असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. तालुक्याहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी रक्ताच्या दोन केशनळ्या भरल्या, एक तशीच फिरवली, दुसरी 56 अंशांच्या पाण्यात तीन मिनिटं ठेवून मग फिरवली. त्या तापमानाला फक्त फायब्रिनोजेन साकळून खाली बसतं. दोन्ही नळ्यांतल्या प्रथिनांतला फरक म्हणजे फायब्रिनोजेन. साधं काम, थ्रॉम्बिन नको की मशीन नको. गाईत ते निरोगीपणीही 300 ते 700 असतं, माणसापेक्षा जास्त. मामाच्या गाईचं हजाराच्या बरंच वर होतं. चाऱ्यातून तार पोटात गेली होती आणि जाळीच्या पोटात रुतली होती. डॉक्टर म्हणाले, गाईत पांढऱ्या पेशी मोजून अशा वेळी फसायला होतं, त्या वाढतातच असं नाही. फायब्रिनोजेन सहसा फसवत नाही. गाईला चुंबक गिळवलं, अँटिबायोटिक दिलं. आठवड्याभरात ती खायला लागली.

माणसाची सूज सीआरपी ओरडून सांगतं. रॅटमध्ये सीआरपी मुळातच भरपूर असतं आणि सुजेत फारसं हलत नाही; तिथे अल्फा-2-मॅक्रोग्लोब्युलिन उसळतं. माइसमध्ये सीरम अमायलॉइड पी. गाईत हॅप्टोग्लोबिन. फायब्रिनोजेन मात्र या सगळ्यांत वाढतं, कुठे कमी, कुठे जास्त. रॅटमध्ये सीआरपीचं किट वापरून ‘अर्क निष्प्रभ’ असा निष्कर्ष काढलेला प्रबंध समोर आला की मला त्या अर्काचीच कीव येते.

शरीराने सूज आली की गोठण्याची तयारी का करावी, याचं एक सुरेख उत्तर नालखेकड्याने (हॉर्सशू क्रॅब) दिलं. ओडिशाच्या किनाऱ्यावरही त्याची एक जात आढळते. फ्रेडरिक बँग यांनी 1956 मध्ये अमेरिकेतल्या नालखेकड्यात जंतू टोचले आणि त्याचं निळसर रक्त जागच्या जागी गोठलं. पुढे जॅक लेव्हिन यांच्याबरोबर त्यांनी दाखवलं की जंतूंच्या कवचातलं एंडोटॉक्सिन त्याच्या रक्तपेशींना गोठायला लावतं. त्या प्राण्याला आपल्यासारख्या प्रतिपिंडांची फौज नाही. जंतू आला की त्याच्याभोवती रक्त गोठवून त्याला कोंडायचं, हाच मुख्य बंदोबस्त. जंतूशी लढणं आणि भोक बुजवणं ही त्याच्यासाठी दोन कामं नाहीतच. आपल्यात ती वेगळी झाल्यासारखी वाटतात, पण फार नाहीत.

किती नाहीत, ते 2004 च्या एका प्रयोगात दिसलं. फायब्रिनोजेनमधला एक छोटासा भाग, पांढऱ्या पेशी जिथे हात टेकवतात तेवढाच, जनुकात बदल करून बिघडवलेला माऊस तयार केला. त्याचं रक्त अगदी नीट गोठत होतं, रक्तस्राव नाही, गुठळी व्यवस्थित. पण पोटात स्टॅफिलोकोकस सोडल्यावर साधा माऊस ते जंतू साफ करायचा आणि याला ते जमेना. फायब्रिनोजेनला गोठण्यापलीकडचंही एक काम आहे, हे सांगायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. वर्गात मी हेच सांगते आणि त्या दिवशी फळ्यावर बाकी काही लिहीत नाही.

हीच यंत्रणा भरकटली की जीव घेते. ग्रेगरी श्वार्ट्झमन यांनी 1928 मध्ये सशाच्या कातडीत टायफॉइडच्या जंतूंचा गाळलेला अर्क टोचला आणि दुसऱ्या दिवशी तोच शिरेतून दिला. काही तासांत आदल्या दिवसाची जागा काळीनिळी पडली, आतल्या बारीक रक्तवाहिन्या गुठळ्यांनी बुजल्या. आज आपल्याला कारण सांगता येतं. एंडोटॉक्सिनने मोनोसाइट्स या पांढऱ्या पेशी टिश्यू फॅक्टर अंगावर काढतात आणि थ्रॉम्बिन बनू लागतं. रक्तवाहिनीच्या अस्तरावरचं थ्रॉम्बोमोड्युलिन घटतं, त्यामुळे गोठण्याला लगाम घालणारं प्रथिन सी जागं होत नाही. थ्रॉम्बिनला आवरणारं अँटिथ्रॉम्बिन खर्ची पडतं. झालेली गुठळी विरघळवायला प्लाझ्मिन लागतं, तर त्याला अडवणारं पीएआय-1 चढतं. प्रवेगक दाबलेला, ब्रेक काढलेले आणि झाडूवालाही रजेवर. अशात यकृताने भरून ठेवलेलं फायब्रिनोजेन इतकं वापरलं जातं की शेवटी तेच संपतं, आणि गुठळ्यांनी भरलेला रुग्ण रक्तस्रावाने जातो.

2021 च्या उन्हाळ्यात कोविडबरोबर हे सगळं आमच्या घरादारात आलं. ज्यांनी कधी सीबीसीचा कागद उलटून पाहिला नव्हता ती माणसं फोनवर ‘डी-डायमर किती आला?’ असं विचारत होती. फायब्रिनच्या जाळ्याचे तुकडे पडले की त्यांतला एक म्हणजे डी-डायमर. तो वाढलाय याचा अर्थ आत कुठेतरी जाळं विणलं गेलं आणि उसवलंही जातंय. नात्यातल्या एका काकांच्या पोटावर रोज सकाळ-संध्याकाळ एनॉक्सापॅरिनचं इंजेक्शन दिलं जायचं आणि काकू विचारायच्या, ‘अगं, न्यूमोनिया छातीत आणि रक्त पातळ करायची सुई पोटात, हे कसं?’ रॅटच्या पंज्यापासून सुरुवात करून मी फोनवर त्यांना ते समजावलं. किती कळलं ठाऊक नाही, पण काकूंनी शेवटी ‘म्हणजे उंदराला आधीच माहीत होतं तर’ असं म्हणून फोन ठेवला. त्याच काळात सगळे ज्या टोसिलिझुमॅबमागे धावत होते ते इंटरल्युकिन-6 चा निरोप यकृताच्या दारातच अडवतं. म्हणून ते दिल्यावर सीआरपीबरोबर फायब्रिनोजेनही उतरतं.

तर उंदराला खरंच माहीत होतं का? इथे मी सावध होते. 1987 मध्ये ओक्लाहोमात बबून माकडांना मारक प्रमाणात ई. कोलाय दिले आणि आधीपासून सक्रिय प्रथिन सी दिलेली माकडं वाचली. 2001 मध्ये तेच प्रथिन औषध म्हणून माणसांवरच्या मोठ्या चाचणीत दिलं, तेव्हा सेप्सिसमधले (जंतुसंसर्गाने अवयव निकामी होऊ लागतात तो आजार) मृत्यू 30.8 टक्क्यांवरून 24.7 वर आले, औषधाला मान्यता मिळाली. पुढच्या चाचणीत फायदा दिसला नाही, रक्तस्रावाची भीती होतीच, आणि ऑक्टोबर 2011 मध्ये ते बाजारातून काढून घेतलं. माकड खोटं बोललं नव्हतं. त्याला जंतू देण्याच्या आधी औषध मिळालं होतं, माणूस मात्र दोन-तीन दवाखाने फिरून, अर्धा कोसळून आयसीयूत येतो. रॅट आणि माऊस तर एंडोटॉक्सिनला माणसापेक्षा हजारो पटींनी दाद देत नाहीत. प्राण्याला ‘हे कसं चालतं?’ असं विचारलं तर तो प्रामाणिक उत्तर देतो. ‘माझ्या रुग्णाला किती देऊ?’ याचं उत्तर त्याच्याकडे नसतं, आणि ते त्याच्याकडून वदवून घेण्याची घाई महागात पडते.

शहाद्याला मामेभावाची लॅब आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून भिल्ल आणि पावरा समाजाची मुलं त्याच्याकडे येतात, त्यांत सिकलसेल बरंच. त्याने एकदा विचारलं, मुलगा तापाने फणफणलाय, सांधे सुजलेत, आणि ईएसआर मात्र अगदी कमी, असं कसं? ईएसआरला चळत लागते, आणि कोयत्याच्या आकाराच्या वाकड्या पेशींची चळत लागत नाही. फायब्रिनोजेन वाढलेलं असतं, पण ते ज्यांना चिकटवायचं त्या पेशीच वाकड्या. म्हणजे जिथे सूज आणि गोठण यांचं साटंलोटं सर्वांत जास्त, तिथेच आपली स्वस्तातली चाचणी मुकी होते. सिकलसेलचे माइस तयार केलेले आहेत. त्यांच्यात टिश्यू फॅक्टर अडवला तर गोठण तर कमी होतेच, पण रक्तातलं इंटरल्युकिन-6 सुद्धा उतरतं. सूज गोठण वाढवते आणि गोठण सूज वाढवते, दोन्हीकडून. आमच्या भागासाठी मला हा प्रयोग पंज्याच्या शंभर प्रबंधांपेक्षा मोलाचा वाटतो.

यंदा म्हणून एका विद्यार्थिनीच्या प्रस्तावात मी फायब्रिनोजेन घालायला लावलं. रॅट एकही जास्त नाही, पंजा मोजायचे तेच वापरायचे, फक्त शेवटी भूल देऊन सायट्रेटमध्ये रक्त घ्यायचं. 1959 पासून ज्या तीन तत्त्वांवर प्राण्यांच्या प्रयोगांची नीती उभी आहे, त्यांतलं एक हेच सांगतं: कमी प्राण्यांत जास्त माहिती. नैतिक समितीत कुणी हरकत घेतली नाही. हरकत आली ती वेळापत्रकातून. पंज्याचा प्रयोग पाच-सहा तासांत संपतो, आणि तेवढ्या वेळात यकृताने जेमतेम माल चढवायला घेतलेला असतो. इंटरल्युकिन-6 तोवर दिसेल, फायब्रिनोजेनची खरी चढण दुसऱ्या दिवशी. म्हणजे शनिवारी सुई टोचली तर रविवारी सकाळी कॉलेज उघडायला हवं. आमच्या एका सहकाऱ्यांनी ‘पाच तासांचंच घ्या ना, आकडा तर येतोच’ असा सल्ला दिला. आकडा येईल हो, पण तो कशाचा?

शेवटी अ‍ॅनिमल हाउसचे आबा तयार झाले. त्यांची अट होती. “सकायले येसू मी मॅडम, पन चहा तुम्हना.” विद्यार्थिनीने चहाबरोबर कचोरीही कबूल केली, आणि थ्रॉम्बिनची बाटली फ्रीजच्या वरच्या कप्प्यात नाव लिहून ठेवली.